आत्याच्या पत्र्यावरची छत्री

आमच्या गल्लीत सध्या माझ्यावरून एक विनोद चालतो. सरकारी नोकरी आहे, घराला स्लॅब आहे, दारात स्कूटर आहे, आणि घरातलं नेट मात्र शेजारच्या पत्र्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या म्हातारीकडून येतं. ती झोपली की साहेबांचं नेट बंद. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार मला बघितलं की विचारतो, "काय साहेब, आज चालू हाय का आत्यानं झोपवलं?" विनोद खरा आहे. त्यामागे जे आहे ते मी इथे लिहितो. वाचून कुणाला हसू आलं तर हसावं. मी त्यात काही बदलणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

ती म्हातारी म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिला वैरागला दिली होती. नवरा वारल्यावर ती एक ट्रंक घेऊन सोलापूरला परत आली. वडिलांनी घराच्या कडेची खोली तिला दिली, आणि नुसती राहायला दिली नाही, रीतसर तिच्या नावावर केली. त्या काळात आमच्या नात्यात बऱ्याच जणांना ते रुचलं नव्हतं. आत्याने पहिल्या आठवड्यातच विड्यांचं काम धरलं. फर्म्याच्या मापाने तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप घेऊन ती दारात बसली की गल्लीतल्या अजून दोघी-तिघी आपापली सुपं घेऊन तिच्या उंबऱ्याशी यायच्या. अजूनही येतात.

मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. बसमध्ये कुणा म्हाताऱ्याला जागा दिली तरी आधीच्या स्टॉपला का दिली नाही म्हणून उतरेपर्यंत कुढत बसतो. बायको म्हणते, "तुम्हाला कुणी मारलं तरी तुम्हीच माफी मागाल." त्यामुळे आत्याच्या बाबतीत मी जे केलं ते पश्चात्तापातून केलं, असं लोकांना वाटतं. तसं नाही. पश्चात्तापाने मी आजवर नुसता मान खाली घालून बसलो आहे. हे मान वर करून केलं.

आधी छत्रीचं सांगतो. टीव्हीच्या डिशला आमच्याकडे छत्री म्हणतात. वडील असतानाच आम्ही ती घेतली. बसवायला आलेला माणूस आमच्या स्लॅबवर उभा राहिला आणि मान हलवायला लागला. आमच्या घरामागे, नेमकी छत्रीने जिकडे तोंड करायला हवं तिकडे, चार मजली इमारत उभी आहे आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. आत्याची खोली मात्र गल्लीच्या टोकाला. तिच्या पत्र्यावरून पाहिलं की इमारत बाजूला पडते आणि पुढे बंद गिरणीची मोकळी जागा, तिच्यावर सगळं आभाळ. माणूस म्हणाला, छत्री त्या पत्र्यावर लागेल, इथे नाही.

आत्या दारातच होती. सुपातून नजर न काढता म्हणाली, "लावा की. पर माज्या पत्र्यावर लावताय तर मलाबी दिसाय पायजे."

"दिसंल की," वडील म्हणाले.

"आन् सात ते आठ माजं."

"म्हंजी?"

"म्हंजी त्या टायमाला मी म्हनीन ते लागंल."

वडील हसले आणि व्हय म्हणाले. बसवणाऱ्याने तोडगा काढला. छत्रीची वायर आमच्या घरातल्या डब्याला, आणि डब्याला मागून दोन तोंडं. एका तोंडातून आमचा टीव्ही, दुसऱ्या तोंडातून लांब वायर खिडकीतून आत्याच्या टीव्हीला. डबा एकच, रिमोट एकच. आमच्याकडे जे लागेल तेच तिच्याकडे दिसणार.

तर हा सौदा होता. तिची जागा, आमचा डबा. आता हे मी स्वच्छ लिहू शकतो. पण वडील गेले, सौदा ठरताना हजर असलेली माणसं कमी झाली, आणि हळूहळू आमच्या घरात भाषा बदलली. "आत्याला आम्हीच टीव्ही दाखवतो," असं बायको पाहुण्यांना सांगू लागली. मीही ऑफिसात सांगितलं आहे, चहा पिताना, जरा मोठेपणाने.

सात वाजले की आत्याची हाक यायची. "सूनबाई, बदल की गं!" सुरुवातीला लगेच बदलायचं. मग कधी बायकोची मालिका रंगात असायची, कधी मी मॅच बघत असायचो, कधी कुणी तरी आलेलं असायचं. "बदलते हं आत्याबाई," असं म्हणून विसरायचं. आत्या दुसरी हाक मारायची, तिसरी मारायची. पुढे पुढे तिने हाक मारणं सोडलं. बायको म्हणाली, "आत्याबाईंना पण माझीच शिरेल आवडायला लागली." मी ते मान्य केलं, कारण ते मान्य करण्यात सोय होती.

मुलीची दहावी आली तेव्हा आम्ही वर्षभर टीव्ही बंद ठेवला. आपण कसे शिस्तीचे पालक, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी आत्या दारात येऊन उभी राहिली.

"काय रं, मेला का तुमचा टीव्ही?"

"आत्या, हिची दहावी आहे ना."

"असं व्हय?" ती म्हणाली. "मंग माजीबी दहावीच म्हनायची की."

आणि गेली. मी तेव्हा हसलो होतो.

आता अलीकडचं. मुलगी इंजिनीअरिंगला गेली. तिचे वर्ग, तिच्या परीक्षा, सगळं लॅपटॉपवर. मोबाइलचा डेटा दुपारीच संपायचा. बायकोला नवा टीव्ही हवा होता, ज्यात छत्री-डबा काही लागत नाही, नेटवरच सगळं दिसतं. सगळीकडे त्या बिनवायरच्या नेटजोडणीच्या जाहिराती होत्या. आम्ही ठरवलं, छत्री काढायची, पत्र्यावरून खिडकीत लोंबणाऱ्या त्या काळ्या वायरी काढायच्या, बिनवायरचं घ्यायचं.

आत्याला सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. रविवारी सकाळी गेलो. ती पानं भिजवत होती.

"आत्या, छत्री काढतोय आम्ही. आता बिनवायरचं आलंय. तुझा पत्रा मोकळा."

हे मी जणू तिला काही देत असल्यासारखं म्हणालो.

तिने ओलं फडकं पिळलं. "आन् माजा टीव्ही?"

"बघू की काहीतरी."

"बघ बघ," आत्या म्हणाली. आमच्याकडे "बघू" म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी पान्हा घेऊन सकाळच्या उन्हातच पत्र्यावर चढलो आणि छत्री सोडवली. वायर गुंडाळली. भंगारवाला नंतर येणार होता. खाली उतरलो तर आत्याने छत्री माझ्या हातातून घेतली.

"ही हितंच ऱ्हाऊ दे."

"कशाला?"

"पान्याच्या बॅरलला झाकन न्हाय."

आमच्याकडे नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी, त्यामुळे प्रत्येकाच्या दारात बॅरल असतंच. तिने छत्री उपडी करून बॅरलवर ठेवली, मधल्या भोकांत चिंधी कोंबली, वर एक वीट ठेवली. बरोब्बर बसली. मी बघत उभा होतो. मला वाटलं, चला, तिलाही काहीतरी मिळालं. इतका सोपा हिशेब करून मी घरी जाऊन जेवलो.

एप्रिल चालू होता. बिनवायरची जोडणी करणारा माणूस भर दुपारी आला. जाडजूड, घामाघूम, डोक्याला रुमाल बांधलेला, बोलणं निम्मं दखनी निम्मं मराठी. त्याच्या खोक्यातून पांढरा, जाडसर वहीएवढा एक डबा निघाला.

"ये उप्पर लगेगा साहेब. छतावर."

"छतावर? पण हे बिनवायरचं आहे ना?"

"टावरसे हितपर्यंत बिनवायर. हितनं घरात वायर. उसको टावर दिखना मंगता ना!"

आम्ही दोघं स्लॅबवर गेलो. तो फोन हातात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरला. आमच्या टाकीच्या कठड्यावर चढला, उतरला. "नै साहेब. बिल्डिंग आडवी येती." मग त्याची नजर खाली उजवीकडे गेली. आत्याच्या पत्र्याकडे. पलीकडे गिरणीची मोकळी जागा, तिच्या पलीकडे टॉवर, स्पष्ट दिसत होता. त्याने कठड्यावरून हात लांब करून फोन तिकडे धरला आणि खूश झाला. "वो देखो! फुल! उदर लगाते ना!"

तिकडे पत्र्यावर, छत्री जिथे होती तिथपासून पार कडेपर्यंत, जुनी लुगडी अंथरली होती आणि त्यांवर कुरडया पसरल्या होत्या. ओल्या, पांढऱ्या, रांगेने. पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याने मोकळा झालेला पत्रा लगेच वापरायला घेतला होता.

आम्ही खाली आलो. आत्या दारात, तिच्या दोन्ही सोबतिणी दारात.

"मावशी," फिटर गोड आवाजात म्हणाला, "दोन मिनिट पत्र्यावर चढू का?"

"चढू नगं. कुरडया हाईत."

"बाजूने जातो ना मावशी. बूट काढून."

"बूट काढून जाशील तर पाय भाजतील. बूट घालून जाशील तर मी भाजीन तुला."

सोबतिणी हसून सुपावर वाकल्या. फिटरने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आत्या, फक्त एक डबा बसवायचाय."

"कसला डबा?"

"नेटचा. आमच्या पत्र्यावर, म्हणजे आमच्या स्लॅबवर सिग्नल येत नाही. तुझ्याकडे येतो."

आत्याने हातातली विडी बांधून पूर्ण केली. दोरा तोडला. मग वर बघितलं.

"रैवारी तू म्हनलास, पत्रा मोकळा. व्हय का न्हाय?"

"हो."

"मंग मोकळाच हाय. माजा हाय. कुरडया वाळंस्तवर कुनी पाय ठिवायचा न्हाय. वाळल्यावर ये, मंग बोलू."

फिटर डबा खोक्यात घालून गेला. बायको घरात भांडी आपटत होती. "मुद्दाम केलंय आत्याबाईंनी. कुरडया काय आजच घालायच्या होत्या?" मी म्हणालो, "एप्रिलमध्ये नाही घालणार तर कधी?" ती म्हणाली, "तुम्ही त्यांचीच बाजू घ्या." मी तोवर कुणाचीच बाजू घेतली नव्हती. पण तिने म्हटल्यावर जाणवलं की बाजू घ्यायची वेळ आलेली आहे.

उन्हं कडक होती. कुरडया लवकर वाळल्या. आत्याने त्या डब्यात भरल्या आणि एका संध्याकाळी मलाच हाक मारली. मी, बायको, मुलगी, तिघंही गेलो. तिने आम्हाला बसायला सांगितलं नाही, कारण पानं पसरलेली होती. तिच्या टीव्हीवर फडकं टाकलेलं होतं. छत्री काढल्यापासून तो बंदच होता.

"डबा लावा," आत्या म्हणाली. "पर ते नेट माज्या नावावर घ्यायचं. ती नेटची मशीन माज्या घरात ऱ्हाईल. रिमोट माज्यापाशी. तुमाला हितनं पायजे तेवडं घ्या, मी न्हाय म्हनत न्हाय."

बायकोला आधी हसू आलं. "आत्याबाई, तुम्हाला नेट काय करायचंय?"

"तुमाला काय करायचंय?"

"आमच्या हिचा अभ्यास असतो."

"माजा टीव्ही असतोय."

"टीव्ही आम्ही दाखवतोच की तुम्हाला. इतकी वर्षं दाखवलाच ना? आता पण वायर टाकू काहीतरी. आमच्याकडं जे लागेल ते तुम्हाला दिसेल."

आत्या शांतच होती. "त्येच नगं हाय मला," ती म्हणाली. "तुमच्याकडं जे लागंल ते."

मुलगी फोनकडे बघायची थांबली. आत्याने सूप बाजूला ठेवलं. "तुज्या सासऱ्यानं सात ते आठ माजं म्हनून सांगिटलं हुतं. तुला ठावं न्हाय, तू आत हुतीस. ह्येला ठावं हाय." आणि माझ्याकडे बोट केलं.

बायको माझ्याकडे वळली. "खरंय?"

"खरंय," मी म्हणालो. "बाबांनी शब्द दिला होता. टीव्ही आपण तिला दाखवला नाही. तिच्या पत्र्याच्या बदल्यात तो तिचाच होता."

"मग आता काय, तिच्याकडून मागून घ्यायचं?"

"जागा तिची आहे तर मागूनच घ्यायला पाहिजे."

बायको निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "म्हणू दे." मला स्वतःलाच माझा आवाज नवीन वाटला.

फिटर परत आला. डबा पत्र्यावर चढला, टॉवरकडे तोंड करून बसला. वायर खाली आत्याच्या खोलीत आली आणि तिथल्या मशीनला, म्हणजे वायफायच्या राउटरला, जोडली गेली. आता जोडणी तिच्या नावावर करायची होती. फिटरने अंगठ्याचं यंत्र काढलं. आत्याने अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं. पुसून ठेवला, पुन्हा लाल. दुसरा अंगठा, मग सगळी बोटं. काही उमटेना.

"रेशनवाल्याकडंबी असंच," आत्या म्हणाली. "पानानं बोटं गुळगुळीत झाल्यात. आमच्यातल्या समद्या बायकांचं हेच हाय." एका सोबतिणीने आपली बोटं पुढे करून दाखवली. खरोखरच काचेसारखी होती, रेघा नव्हत्याच.

फिटरने माझ्याकडे बघितलं. "साहेब, आपके नाम पे कर देता. एक मिनिटात हुतंय. मशीन मावशीकडंच ऱ्हाऊ दे ना, क्या फरक पडता?"

काय फरक पडतो? अंगठा माझा तयार होता. घरात शांतता झाली असती, फिटरचं काम झालं असतं, रिमोटही आत्याकडेच राहिला असता. मी यंत्राकडे बघितलं आणि खरं सांगतो, हात थोडा पुढे गेला होता. आत्या माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "तिच्याच नावावर. दुसरा काय मार्ग आहे ते सांग."

"फिर दुकानात जाना पडेगा. फोटो, ओटीपी. टाइम लगता."

"लागू दे."

मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि आत्याला स्कूटरवर मागे बसवून कंपनीच्या दुकानात घेऊन गेलो. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. दुकानात एसी होता. "हितंच बसून विड्या वळाव्या," ती म्हणाली. काउंटरवरच्या मुलीनेही तेच सुचवलं: "काका, तुमच्या नावावर घ्या ना, सोपं पडेल." मी म्हणालो, "सोपं नको आहे. ग्राहक ह्या आहेत, ह्यांच्याशी बोला." मुलगी जरा बिचकली. माझा सूर चढला होता. एरवी असा सूर लागला असता तर मी लगेच सॉरी म्हणालो असतो. नाही म्हणालो.

फोटो काढताना आत्या प्रत्येक वेळी डोळे मिटायची. "आजी, डोळे उघडे ठेवा."

"तू फोटू काढतीस का डोळं तपासतीस?"

शेवटी एक फोटो जमला. मग तिच्या बटनांच्या फोनवर आकडे आले. आत्याला अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. विड्यांची मोजणी तीच ठेवते. तिने फोन लांब धरला आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा वाचायला सुरुवात केली.

"आजी, हळू! मोठ्यानं नका सांगू!"

"का? मी काय चोरी केलीय का?"

मागे उभे असलेले लोक हसले. मीही हसलो. काउंटरवरच्या मुलीने आकडे टाकले आणि म्हणाली, "झालं, आजी. चालू तुमच्या नावावर." आत्याने विचारलं, "म्हंजी आता कुनाला इचाराय नगं?" मुलीला प्रश्न कळला नाही. ती "नाही नाही" म्हणाली.

महिन्याचे पैसे कोण भरतं, हे मला गल्लीत बऱ्याच जणांनी विचारलं. ते आत्याला विचारा असं मी सांगतो. आत्या त्यांना जे सांगते ते इथे छापण्यासारखं नाही.

टीव्हीसाठी वेगळा छोटा डबा आणि रिमोट मिळाला. फिटरने तो जोडून दिला, माझ्या मुलीने आजीला बटणं दाखवली. पहिल्या संध्याकाळी सात वाजता मी खिडकीशी उभा होतो. वाटलं, आता मालिकेचं ते ओळखीचं संगीत ऐकू येईल. शिट्टी ऐकू आली आणि मग आरडाओरडा. कबड्डी चालू होती. आत्या आणि तिच्या सोबतिणी सुपं मांडीवर घेऊन ओरडत होत्या. "धर! धर त्येचा पाय! आरं मेल्या, सुटला की!"

बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली. "ह्यांना शिरेल आवडायची ना?"

तिने तिकडे जाऊन विचारलंच. आत्याने टीव्हीवरून नजर न हलवता उत्तर दिलं. "ती तुजी हुती. मी कुटं मागिटली हुती? सरक, दिसंना."

बायको परत आली आणि पुन्हा खिडकीशी उभी राहिली. मग हसायला लागली. त्यानंतर तिचा राग ओसरला, असं मी म्हणणार नाही, पण भांडी आपटणं थांबलं.

राहिला तो झोपायचा प्रश्न. आत्या नऊला झोपते. झोपण्याआधी पंखा सोडून घरातली सगळी बटणं खाली करते, कारण तिने आयुष्यभर तसंच केलं आहे. फिटरने सांगितलं होतं की मशीन चालूच ठेवायची असते. "रिकामं कशाला जळायचं?" ती म्हणाली, आणि विषय संपला. नऊ वाजले की भिंतीपलीकडून खट् असा आवाज येतो आणि आमच्या फोनवरची वायफायची पंख्यासारखी खूण जाते. नुकत्याच घेतलेल्या नव्या टीव्हीवर मध्येच चक्र गोल गोल फिरायला लागतं.

या एका गोष्टीवरून माझ्याशी सगळे बोलले आहेत. बायको, मुलगी, किराणावाला. ऑफिसातल्या एकाने तर तिला न कळता मशीन चालू ठेवायची युक्ती सांगितली. मशीनची वायर गुपचूप आपल्या घरातल्या बटणाला जोडायची, म्हातारीला काय कळतंय. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. आमच्या हातात रिमोट होता तेव्हा तिचा पडदा वर्षभर निळा राहिला, आणि कुणाला कसलीही युक्ती सुचली नव्हती.

परवा मुलीला कॉलेजचं काहीतरी पाठवायचं होतं. जेवणं झाली, ती लॅपटॉप उघडून बसली आणि खट्.

"पप्पा! आज्जीला सांगा ना!"

बायकोही बघत होती. मी फोनवर वाचत असलेली बातमीही अर्ध्यावरच अडकली होती.

"सांगणार नाही," मी म्हणालो.

"अहो, पोरीचं कॉलेजचं आहे," बायको म्हणाली.

"असू दे. तिला पाहिजे तर तिने जाऊन विचारावं."

मुलीने माझ्याकडे रागाने बघितलं, लॅपटॉप काखेत मारला, चपला घातल्या. खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"आज्जी, उघड की."

"कोन हाय?"

"मी. नेट पाहिजे, थोडा वेळ."

"मंग सरळ ये की. पाय धुऊन ये, पानं हाईत. आन् तितं बस, कडंला."

बटण वर झालं. थोड्या वेळाने फोनवर ती खूण परत आली. मी अर्धी राहिलेली बातमी उघडली. पलीकडे आत्या विचारत होती, हे एवढं काय लिहितीस, आणि मुलगी तिला काहीतरी समजावत होती, आणि आत्या म्हणत होती की हे तर आमच्या मोजणीसारखंच हाय.

मग आत्याचा आवाज आला. "झालं का? मंग बंद करते."

"हो, झालं."

खट्. माझी बातमी अजून अर्धीच होती. मी फोन उशाशी ठेवला आणि दिवा मालवला.